सुनंदाचा नाच

पडद्यावर रणजितचा चेहरा उमटला तेव्हा केतकी सबनीसांना हसू फुटलं, कारण तो रणजितचा चेहराच नव्हता.

केस त्याचे होते, पण लग्नानंतरचे, जरा विरळ झालेले. हनुवटी कुठल्याशा साबणाच्या जाहिरातीतल्या माणसाची होती. शर्टाचा रंग ठरत नव्हता. आत्ता पांढरा, डोळ्याची पापणी लवते तोवर निळा, पुन्हा पांढरा. मागे बर्फखान्याचे दिवे लखलखत होते, पण इतके दिवे तिथे कधीच नव्हते.

"हा कोण गृहस्थ?" केतकीने विचारलं.

"तुमचे मिस्टर," डॉ. नाझनीन तांबोळी म्हणाल्या. "म्हणजे तुमच्या मेंदूच्या मते."

"आमचे मिस्टर एवढे देखणे असते तर मी त्यांना एकट्याने भाजी आणायला पाठवलं असतं का?"

डॉक्टरही हसल्या. पण केतकीचं हसू फार टिकलं नाही. साठ वर्षं तिने हा एक प्रसंग उराशी बाळगला होता. बर्फखान्यातला रणजितबरोबरचा पहिला नाच. रणजित गेल्यावर तर तिने तो रोज आठवला होता, रात्रीची गोळी घेतल्यासारखा. आणि आता बघते तर त्यात रणजितच नाही.

त्या काळात प्रत्येक मोठ्या शहरात एक तरी ठसावाचन केंद्र असायचं. आपण काही पाहतो, ऐकतो, तेव्हा मेंदूतल्या काही पेशी एकमेकींशी जोडल्या जातात. त्या जोडण्यांची नक्षी म्हणजे त्या प्रसंगाचा ठसा. तो ठसा वाचून त्याचं चालतंबोलतं चित्र पडद्यावर आणणं म्हणजे ठसावाचन. साठीशांतीला, लग्नाच्या पन्नाशीला लोक हौसेने केंद्रात जायचे, आणि बरेचजण केतकीसारखेच हिरमुसून परत यायचे.

"यंत्र बिघडलंय तुमचं," केतकी म्हणाली.

"यंत्र ठीक आहे, आजी."

"आजी म्हणू नका. बर्फखान्यात नाचलेल्या बाईला आजी म्हणत नाहीत."

"बरं, केतकीताई. मला सांगा, तुमचा बर्फखाना आधी खरंच बर्फाचा कारखाना होता ना?"

होता. मुंढव्याला, नदीच्या अंगाला. कारखाना बंद पडला आणि कुणा उत्साही माणसाने तिथे डान्स क्लब काढला. भिंतींना आतून बुचाचा हातभर जाड थर होता, त्यामुळे आतला दणदणाट बाहेर जायचा नाही आणि बाहेरचा उजेड आत यायचा नाही. मिठाच्या पाण्याची जी मोठी टाकी होती, तिच्यात फळ्या टाकून नाचायची जागा केली होती. दोन पायऱ्या उतरून त्या हौदात जायचं. फळ्यांच्या फटीत टाचा अडकायच्या, म्हणून सगळे अनवाणी नाचायचे. वसतिगृहाचं फाटक संध्याकाळीच बंद होई, तेव्हा मुलींसाठी शनिवारी दुपारचा खेळ असे. बाहेर रणरणतं ऊन आणि आत मध्यरात्र. फिरोज नावाचा डीजे मधेच सगळे दिवे घालवायचा, गाणं थांबवायचा आणि नुसता ठोका चालू ठेवायचा. फळ्यांतून तो ठोका तळपायाला लागायचा. पुण्याबाहेरून गाड्या करून लोक यायचे. पुढे तो क्लब पाडून इमारती झाल्या आणि बर्फखान्याची दंतकथा झाली. त्या दंतकथेची सगळ्यांत मोठी कथेकरी खुद्द केतकी होती. बारसं असो की बारावं, तिने बर्फखान्याचा विषय काढला नाही असं होत नसे.

"मग समजायला सोपं," डॉक्टर म्हणाल्या. "आठवण म्हणजे बर्फाची लादी धरा. गोठलेली असते तोवर आत काय आहे ते जसंच्या तसं राहतं. पण आठवायचं म्हणजे लादी बाहेर काढायची. बाहेर काढली की ती वितळते. काही तास ती ओली, मऊ असते. मग मेंदू नवी प्रथिनं तयार करून तिला परत गोठवतो. पण मधल्या वेळात तुमच्या हाताचा जो काही मळ लागेल, जे काही शेजारी पडलं असेल, ते त्यात मिसळून गोठतं. पुढच्या वेळी तुम्ही मूळ प्रसंग नाही आठवत, मागच्या वेळची आठवण आठवता."

"म्हणजे मी रणजितला जितकं आठवलं..."

"तितका तो पुसला गेला. आम्ही याला हाताळलेली आठवण म्हणतो. तुम्ही फार प्रेमाने हाताळलीत."

केतकी चष्मा पुसत म्हणाली, "जाऊ दे. त्या मुलीचं काम करून टाकू."

ती मुलगी म्हणजे रेवा मोहिते. बार्शीच्या शाळेत भूगोल शिकवणारी, पन्नाशीला टेकलेली बाई. पंधरवड्यापूर्वी तिचा फोन आला होता. "तुम्ही केतकी ना? बर्फखान्याच्या? मी सुनंदा घोलपची मुलगी. आई तुमचं फार सांगायची. गेल्या वर्षी गेली ती."

कोण सुनंदा? केतकीला काही केल्या चेहरा आठवेना. पण फोनवर आई गेलेली मुलगी बोलत होती. अशा वेळी माणूस जे म्हणतं तेच केतकी म्हणाली. "अगं हो, सुनंदा! आठवते की!"

रेवाचं मागणं छोटं होतं. आईला नाचताना एकदा बघायचंय. त्या वेळी फोनला कॅमेरा नुकता आला होता आणि बर्फखान्याच्या अंधारात त्यात नुसत्या मुंग्या दिसायच्या. रेवाकडे आईचा त्या काळातला एकच फोटो होता, वसतिगृहाच्या ओळखपत्रावरचा. तोच तिने पाठवून दिला होता.

डॉक्टरांनी तो केतकीसमोर धरला. दोन वेण्या, तेल लावून चापून बसवलेले केस, कॅमेऱ्याला घाबरलेले डोळे. केतकीच्या मनात काहीच हललं नाही. पण मेंदूत कुठेतरी काहीतरी हललं असावं, कारण पडदा उजळला आणि डॉक्टर खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

इतकं स्वच्छ चित्र केतकीने खिडकीतून बाहेर बघतानाही पाहिलं नव्हतं.

हौदाच्या काठावर एक मुलगी बसली होती. पोपटी टॉप, नवाकोरा. काखेत किमतीच्या चिठ्ठीचा दोरा तसाच लोंबत होता. डोळ्यांत काजळ, ते घामाने थोडं फुटलेलं. आणि मांडीवर पर्सा. लाल, काळी, मण्यांची, पट्टा तुटून गाठ मारलेली. दोन्ही हातांनी तिने त्या छातीशी कवटाळून धरल्या होत्या.

तेव्हा केतकीला ती आठवली. पर्सवाली.

बर्फखान्यात सामान ठेवायला जागा नव्हती आणि एकदोनदा चोऱ्या झाल्या होत्या. म्हणून प्रत्येक घोळक्यातली एक मुलगी काठावर बसून सगळ्यांच्या पर्सा सांभाळायची. आळीपाळीने बसायचं असं ठरलं होतं. पहिल्या शनिवारी सुनंदा बसली, कारण ती नवीन होती. दुसऱ्या शनिवारीही तीच बसली, कारण पहिल्या शनिवारी तिने छान सांभाळल्या होत्या. त्यानंतर कुणी पाळी विचारलीच नाही. वसतिगृहातून निघताना हाक जायची, "पर्सवालीला घेतलं का गं?"

पडद्यावर सुनंदा मान उचलून हसली. पुढचे दोन दात किंचित एकमेकांवर चढलेले. पर्सांच्या ढिगाखाली तिचे अनवाणी पाय ठोक्यावर हलत होते. अगदी बिनचूक, डाव्याउजव्याने.

"केतकी," ती म्हणाली. गोंगाटात तिला ओरडावं लागत होतं. "एक गाणं मी जाऊ का? धरशील जरा?"

मग केतकीचा स्वतःचा आवाज आला, वीस वर्षांचा, धापा टाकणारा, खिदळणारा. "आलेच गं! तोवर हे पण धर ना!" आणि जीन्सचं एक जाकीट हवेतून येऊन सुनंदाच्या तोंडावर पडलं. तिने ते बाजूला केलं. नीट घडी घातली. पर्सांवर ठेवलं आणि पुन्हा कवटाळलं. पाय मात्र आता हलत नव्हते.

पडदा विझला.

"मी बारा वर्षं हे काम करते," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "असं वाचन मी पाहिलं नाही. टाचेजवळचा तीळसुद्धा दिसला. ही कोरी आठवण आहे, केतकीताई."

"कोरी म्हणजे?"

"एकदाही न उघडलेली."

"म्हणजे मी हिला साठ वर्षांत..."

डॉक्टरांनी मान डोलावली. जो माणूस इतका स्पष्ट उरला, त्याला आपण एकदाही आठवलेलं नाही, हे शास्त्राने सिद्ध झालं होतं.

"ही फीत त्या मुलीला देणार तुम्ही?"

"पहिलं वाचन आम्ही साठवतच नाही. कायदा आहे. ते फक्त आठवणीच्या मालकासाठी. तुम्ही विचार करा, दाखवायचं की नाही ते ठरवा, आठवड्याने या. तेव्हा परत वाचू आणि नोंद करू." डॉक्टर घुटमळल्या. "फक्त एक करा. तोवर हा प्रसंग आठवू नका. लादी आत्ता बाहेर आहे."

"आठवू नका म्हणजे? ते काय आपल्या हातात असतं?"

"नसतं," डॉक्टर म्हणाल्या.

विचार करायला वेळ मिळावा म्हणून तो कायदा केला होता. विचार केल्याने काय होतं, याचा विचार तो करणाऱ्यांनी केला नव्हता.

दोन दिवसांनी रेवा केतकीच्या घरी आली. हातात कडक भाकऱ्यांचा पुडा आणि शेंगाचटणीची बरणी. केतकी उठायला लागली तशी म्हणाली, "बसा हो मावशी. मी ठेवते आत." आणि सरळ स्वयंपाकघरात गेली, सख्ख्या मावशीच्या घरात जावं तशी.

दात आईसारखेच होते. पुढचे दोन, किंचित चढलेले.

"डॉक्टरांना मी फोन केला होता," रेवा बाहेर येत म्हणाली. "काय दिसलं ते नाही सांगितलं त्यांनी, नियम आहे म्हणाल्या. पण वाचन फार स्वच्छ निघालंय म्हणाल्या. मावशी, मला रडूच आलं. म्हटलं, आपल्या आईला कुणीतरी इतकं जपून ठेवलं."

केतकीने हातातला कप खाली ठेवला. "अगं, तसं नसतं ते रेवा. ऐक जरा..."

"तुम्ही आधी माझं ऐका. आई कधी म्हणजे कधी नाचली नाही आमच्यासमोर. हळदीला सगळ्या बायका नाचल्या तरी ही खुर्चीत. आम्ही ओढायचो तर म्हणायची, माझं नाचून झालंय. बर्फखान्यात मी आणि केतकी फ्लोअर सोडायचोच नाही. बाबा चेष्टा करायचे. पाहुणे आले की मुद्दाम विषय काढायचे. ही बघा आमची बर्फखान्याची राणी, अजून दोन कळशा पाणी उचलत नाही, ही नाचणार! सगळे हसायचे. मीपण हसायचे, मावशी. लहान होते, पण म्हणून काय झालं? तिला दिसायचं ना मी हसतेय ते." रेवाने पदराने नाक पुसलं. "शेवटी बोलणं गेलं तिचं. पण शेजारी गाणी लागली की चादरीखाली पाय हलायचे. डावा, उजवा, बरोब्बर ठोक्यावर. तेव्हा वाटलं, ही थापा मारत नव्हती. मला एवढंच बघायचंय. ती थापा मारत नव्हती, एवढंच."

केतकी तिच्याकडे बघत राहिली. खरं सांगायचं तर आत्ताच. ती नाचली नाही, बाळ. मी नाचू दिलं नाही. तुझ्या बाबांच्या आधी आम्ही हसलो होतो. वाक्य तयार होतं.

"आई छान नाचायची का हो?" रेवाने विचारलं.

"फार छान," केतकी म्हणाली.

रेवा गेल्यावर केतकी बाल्कनीत बसली. वाचन झालं की रेवा ती हौदाच्या काठावरची मुलगी बघणार. पर्सांचा ढीग बघणार. जाकीट उडत येताना बघणार, आणि आईची आयुष्यभराची एकुलती एक बढाई खोटी होती हे तिला कळणार. नकार दिला तर संशय तसाच राहणार. आणि तिसरा एक रस्ता होता, जो डॉक्टरांनीच, नको नको म्हणत, दाखवला होता.

आठवलं की लादी पुन्हा बाहेर. पुन्हा ओली.

केतकीने डोळे मिटले आणि सुनंदाला आठवलं.

पहिल्या दिवशी काही जमेना. सुनंदा विचारायची, "एक गाणं मी जाऊ का?" केतकी मनात म्हणायची, "जा." सुनंदा उठायची, पर्सा घरंगळायच्या, आणि ती वाकून त्या गोळा करायला लागायची. दुसऱ्या दिवशी केतकीने हात पुढे केले. "आण इकडे. मी धरते. तू जा." तिला स्वतःलाच नवल वाटलं, किती सोपं वाक्य होतं हे. सुनंदा तिच्याकडे बघत राहिली. विश्वास न बसल्यासारखी.

मग ती उतरली. एक पायरी, दुसरी. फळीवर तिचा अनवाणी पाय टेकला. केतकीने रणजितला बाजूला सारलं, इतर मुलींना मागे ढकललं, फिरोजला दिवे घालवायला लावले. रोज दुपारी जेवण झालं की ती बाल्कनीत बसायची आणि साठ वर्षं उशिरा सुनंदाला नाचवायची. नाच रोज चांगला होत गेला. गिरकी आली. हसू आलं. बाकीच्या मुली टाळ्या वाजवायला लागल्या. केतकीच्या गालांवरून पाणी वाहायचं आणि छातीवरचं काहीतरी हलकं व्हायचं. तेच तिला बोचायचं. हे ती रेवासाठी करत होती की स्वतःच्या सुटकेसाठी, ते तिला सांगता आलं नसतं. विचारणारं कुणी नव्हतं म्हणून बरं.

एकच गोष्ट काही केल्या बदलेना. सुनंदाचे हात.

ठरल्या दिवशी पडद्यासमोर तिघी बसल्या. रेवाने नवी साडी नेसली होती.

हौद उजळला. संगीत सुरू झालं. आणि सुनंदा नाचत आली. चित्र जरा धूसर होतं. टॉप कधी पोपटी, कधी पिवळा दिसत होता. काखेतला दोरा कुठे नव्हता. पुढचे दात सरळ झाले होते. पण ती नाचत होती, फळ्या दणाणून सोडत होती, आणि तिच्या शेजारी वीस वर्षांची केतकी खिदळत होती. दोघी फ्लोअर सोडत नव्हत्या.

"आई," रेवा म्हणाली. तिने तोंडावर हात दाबला होता. "आई गं. बघ, दिसलीस तू."

डॉ. तांबोळी पडद्याकडे बघत नव्हत्या. त्या केतकीकडे बघत होत्या. मेंदूत जे असेल ते वाचायचं, खरंखोटं ठरवायचं नाही, असा केंद्राचा नियम होता. त्यांनी नोंदीवर शिक्का मारला.

रेवा डोळे धुवायला बाहेर गेली तेव्हा केतकी घाईने म्हणाली, "डॉक्टर, ते पहिलं कुठे तरी असेल ना? यंत्रात, कुठे?"

"नाही."

"मी आत्ता आठवून बघतेय. ती बसलेली होती, हे मला माहीत आहे. शाळेतल्या सनावळीसारखं माहीत आहे. पण दिसत नाही हो. डोळे मिटले की ती नाचतेच. तिचा चेहरा... दातांचं काहीतरी होतं ना?"

"ती जशी होती तशी फक्त तुमच्याकडे होती, केतकीताई. जगात दुसरीकडे कुठेच नव्हती."

"तुम्ही पाहिलीत की! तुम्हाला आठवतं."

"आठवतं," डॉक्टर म्हणाल्या. मग थांबून, खाली बघत म्हणाल्या, "पण गेला आठवडाभर मी रोज तोच विचार करतेय. मला वाटतं टॉप हिरवा होता. निळाही असेल."

केतकी खुर्चीत बसून राहिली. वाईट काय केलं ते तिला शब्दांत सांगता येत होतं. पण ज्याच्याकडे बघून लाज वाटावी ते चित्रच आता उरलं नव्हतं. लाज मात्र होती तिथेच होती. पूर्वी ती एका पोपटी टॉपातल्या मुलीची होती. आता ती कुणाचीच नव्हती, म्हणून सगळीकडे होती.

रेवा आत आली. तोंड धुतलेलं, चेहरा पोरसवदा झालेला. "मावशी, एक विचारू? आई नाचताना हात असे का धरायची?"

"कसे?"

"असे." रेवाने दोन्ही हात छातीशी घट्ट कवटाळले. "सगळा नाच पायांचा. हात सोडतच नाही ती. गिरकी घेतानासुद्धा."

डॉक्टरांनी खिडकीबाहेर बघितलं.

"तेव्हा तशी पद्धत होती," केतकी म्हणाली.

"छान दिसतं पण. माझ्या लेकीला शिकवते. पुढच्या महिन्यात तिची हळद आहे. आजीचा नाच म्हणून सगळ्यांसमोर करू. बाबाही बघतील." रेवाने चपला काढल्या. पडदा विझला होता, संगीत थांबलं होतं, पण ती केंद्राच्या गार फरशीवर अनवाणी उभी राहिली आणि पाय टाकायला लागली. डावा, उजवा. दोन्ही हात छातीशी बांधलेले, हनुवटी किंचित वर, एखाद्या मोठ्या ढिगावरून पलीकडे बघावं तशी.

"बरोबर जमतंय का, मावशी?"

केतकीचे हात आपोआप पुढे झाले. आण इकडे, मी धरते, असं तिला म्हणायचं होतं.

पण रेवाच्या हातांत काहीच नव्हतं.